घरात शिवलेली चामड्याची पर्स आणि पायाला येणाऱ्या मुंग्या

हातापायाला मुंग्या येतात, तळवे बधिर वाटतात, अशी तक्रार घेऊन येणारे दोन-तीन रुग्ण तरी आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे रोज असतात. त्यांतल्या बहुतेकांच्या मागे मधुमेह असतो, काहींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी असते, काहींची बाटली कारणीभूत असते, तर काहींची मान. ही कारणे वाचकांच्या परिचयाची आहेत. आज एका निराळ्या कारणाविषयी लिहायचे आहे. ते रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. ते सापडते एका साध्या प्रश्नात : "तुम्ही दिवसभर काय काम करता?"

हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारावा, असे इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. तीनशे वर्षे उलटून गेली तरी आपल्याकडे केसपेपरवर स्त्रीच्या नावापुढे "व्यवसाय – घरकाम" एवढेच लिहून मोकळे होण्याची रीत आहे. घरात बसून बाई विड्या वळते, की पापड लाटते, की चामड्याच्या बॅगा बनवते, हे त्या एका शब्दाखाली झाकून जाते.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या भागात बऱ्याच भगिनींनी आणि काही तरुणांनी घरबसल्या पर्स, पाकिटे, हँडबॅगा बनवायला सुरुवात केली. आपला कोल्हापूर-सांगली पट्टा चामड्याला नवा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण चपलेचे काम करणारी घरे पिढ्यान् पिढ्या ते करत आली आहेत, त्यांना आरी, रापी आणि चामड्याचा स्वभाव ठाऊक असतो. नव्याने शिकणारी मंडळी मात्र मोबाईलवर पाहून शिकतात. त्यात हात कसे चालवायचे ते दिसते. वास काही दिसत नाही.

शिकणाऱ्याला लवकरच साध्या चामड्याचा कंटाळा येतो आणि त्याची नजर "भारी" चामड्याकडे वळते. मगर, अजगर, शहामृग, पाकट मासा यांच्या चामड्याच्या पर्सला परदेशात लाखो रुपये मोजतात, हे त्याने पाहिलेले असते. इथे जे मिळते ते बहुधा बकरीचे वा गाईम्हशीचे चामडे असते आणि गरम पत्र्याने दाबून त्यावर मगरीचे किंवा सापाचे खवले उठवलेले असतात. निरखून पाहिले तर एकच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आलेली दिसते. खऱ्या कातड्यावर दोन खवले एकसारखे नसतात. हा छापाचा माल वापरण्यात कमीपणा काहीच नाही, उलट शहाणपण आहे. खऱ्या कातड्याचा विषय पुढे येईलच.

आता ज्या रुग्णामुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याविषयी. वय बत्तीस, शिक्षण बी.कॉम., नवरा साखर कारखान्यात. दोन वर्षांपासून घरी पर्स बनवत होती. दिवाळी आणि लग्नसराईत मागणी इतकी की दिवसाला आठ-आठ तास काम चाले. ती माझ्याकडे आली तेव्हा चार महिने पायांना मुंग्या होत्या. मेडिकल दुकानातून आणून ताकदीच्या सुया टोचून घेतल्या होत्या, त्यांचा उपयोग शून्य. वजन पाच किलोने घटले होते. बोलता बोलता तिने सांगितले, "डॉक्टर, चालताना चप्पल पायातून निसटते आणि मला कळतच नाही. दहा पावलं गेल्यावर शेजारीण सांगते, अगं, चप्पल मागं राहिली." उंबऱ्याला पाय अडखळत होता. ब्लाउजचे हूक लावायला सासूबाईंची मदत लागत होती. आणि ज्या हातांनी ती सुई चालवायची त्या हातांना सुई धरवेना झाली होती.

तपासणीत घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारली तरी पाऊल हलत नव्हते. दोन्ही पाय सारखेच, दोन्ही हात सारखेच. मोजा घालावा तिथपर्यंत पायाची आणि हातमोजा घालावा तिथपर्यंत हाताची संवेदना मंद. साखर नॉर्मल, ब-१२ नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल.

कामाविषयी विचारले. नऊ बाय दहाची मागची खोली. चामड्याचे दोन थर आणि अस्तर चिकटवायला पिवळट "सोल्यूशन" पाच लिटरच्या डब्यात सुटे आणलेले, कारण ते स्वस्त पडते. डब्यावर कागद नाही, नाव नाही. घट्ट झाले की थिनर ओतायचा. वासाबद्दल शेजारी कुरकुर करतात म्हणून खिडकी बंद. चामड्यावर धूळ बसते म्हणून पंखाही बंद. जमिनीवर बैठक मारून काम, शेजारी उघडा डबा, आणि त्याच खोलीत दुपारी चार वर्षांची मुलगी झोपलेली.

मी तिला मिरजेला मज्जातंतूच्या तज्ज्ञांकडे पाठवले. नसांतून विजेचा बारीक प्रवाह सोडून त्यांचा वेग मोजण्याची तपासणी असते. त्यात निदान पक्के झाले : सोल्यूशनच्या वाफेमुळे नसांना झालेली इजा.

हे कसे घडते ते थोडे समजून घेऊ. रबराचे सोल्यूशन म्हणजे रबर आणि राळ एखाद्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले असतात. हा द्रव म्हणजे टोल्युइन, हेक्झेन, अॅसिटोन यांपैकी एक किंवा त्यांचे मिश्रण. आपण सोल्यूशन लावतो, दहा मिनिटे "सुकू" देतो आणि मग दोन बाजू दाबतो. सुकते म्हणजे काय होते? तो सगळा द्रव हवेत जातो, म्हणजेच त्या खोलीत बसलेल्याच्या फुप्फुसात जातो. डब्यातले सोल्यूशन निम्मे झाले, तर त्यातला द्रव कुठे गेला याचे उत्तर हेच.

हेक्झेन रक्तात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर करते आणि त्यातून तयार होणारा एक पदार्थ नसांच्या आतील धाग्यांना चिकटून त्यांचा गुंता करतो. नस म्हणजे पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी तीन-साडेतीन फुटांची तार आहे असे समजा. तिच्यातून खालपर्यंत पोषणाची वाहतूक चालते. गुंता झाला की सर्वांत दूरच्या टोकाला आधी उपासमार होते. म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो, मग हाताची बोटे. थिनरमध्ये मिथाइल इथाइल किटोन नावाचा दुसरा द्रव असेल तर हेक्झेनचा हा दुष्परिणाम आणखी वाढतो. थिनर ओतून सोल्यूशन पातळ करणे धोक्याचे आहे ते याही कारणाने.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. ही वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत साचते. म्हणजे टेबलावर उभे राहून काम करणाऱ्यापेक्षा खाली बैठक मारणाऱ्याच्या नाकात ती जास्त जाते, आणि जमिनीवर झोपलेल्या लेकराच्या नाकात त्याहून जास्त. दुसरे म्हणजे, नाकावर विसंबू नका. "पहिल्यांदा वास यायचा, आता येत नाही, सवय झाली," असे लोक अभिमानाने सांगतात. नाक काही मिनिटांतच थकते आणि वास नोंदवायचे सोडून देते. वाफ तेवढीच असते.

ही आपल्याच गावची नवलाई आहे असे नव्हे. जपानमध्ये १९६० च्या दशकात प्लॅस्टिकच्या सपाता बनवण्याचे काम घरोघरी चाले. बंद खोल्या, हेक्झेनचे सोल्यूशन, कुटुंबेच्या कुटुंबे कामाला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात १,६६२ कामगारांपैकी ९३ जणांना नसांचा हा विकार झाल्याची नोंद आहे. इटलीत बूट आणि चामडी बॅगा बनवणाऱ्यांतही हाच विकार आढळला. इस्तंबूलचे डॉ. मुजफ्फर अक्सॉय यांनी तर १९७४ साली त्याहून भयंकर गोष्ट जगापुढे मांडली. तिथले बूट, सपाता व हँडबॅगा बनवणारे कारागीर बेंझिन असलेले सोल्यूशन कोंदट खोल्यांत वापरत. त्यांच्यातील २६ जणांना रक्ताचा कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था झाल्याचे त्यांनी दाखवून दिले. बेंझिन हाडांच्या आतील मगजावर घाला घालते आणि रक्त तयार होणेच थांबवते. त्यानंतर अनेक देशांनी सोल्यूशनमधील बेंझिनवर कडक मर्यादा आणल्या. पण नाव-गाव नसलेल्या सुट्या डब्याला मर्यादा कोण लावणार? म्हणून माझे पहिले सांगणे हे की ज्यावर घटकांची नावे छापलेली नाहीत असे सोल्यूशन फुकट मिळाले तरी घरात आणू नका.

त्या भगिनीचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. काम त्याच दिवशी थांबवले. महिन्याभराने सासूबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. आवाजात राग होता. "डॉक्टरसाहेब, काम बंद केलं, हजाराची कमाई गेली, आणि पोरीचं पाय तर वाढतच चाललंय. आता जिना चढवंना. औषध बदला नाहीतर डॉक्टर बदलतो आम्ही." म्हातारीचे म्हणणे वरवर अगदी रास्त होते. पण या विकाराचा स्वभावच असा आहे की विषाशी संबंध तोडल्यावरही काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, दुखणे वाढत राहते. उतारावर सायकलचे पायडल मारायचे थांबवले तरी सायकल काही अंतर जातेच, तसे. ही गोष्ट मी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिली होती. तो कागद पुन्हा वाचून दाखवला. नेमक्या याच काळात पुष्कळ रुग्ण धीर सोडून पुन्हा कामाला लागतात किंवा भलत्या उपचारांच्या मागे जातात. तिने ते केले नाही. तिसऱ्या महिन्यापासून उतार पडू लागला, सहाव्या महिन्यात ती आधाराशिवाय जिना चढली, वर्षाने बोटांत सुई धरता येऊ लागली. टाचेजवळची थोडी बधिरता मात्र अजून आहे. औषध काय दिले, असे विचाराल तर नसांची वेदना कमी करणारी गोळी, व्यायाम आणि शुद्ध हवा. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढते. तिला घाई करता येत नाही.

ती आता पुन्हा पर्स बनवते. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण "डॉक्टरकडे गेलो की धंदाच बंद करायला सांगतात" या भीतीने लोक लपवतात. बंद करायचे होते ते सोल्यूशन. तिने दोन सुया आणि मेणाचा दोरा घेऊन सगळी शिलाई हाताने करायची पद्धत धरली. आरीने भोके पाडायची आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुई काढायची. ही शिलाई चिकटवणीवर अवलंबून नसते. थर जागेवर राहावेत म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी किंवा पाण्यात बनवलेला पांढरा गोंद लावते. वेळ दुप्पट लागतो. पण हाताने शिवलेली म्हणून किंमतही जास्त येते, असे तिनेच सांगितले.

ज्यांना सोल्यूशनशिवाय चालतच नाही त्यांनी निदान एवढे करावे. काम पडवीत, गच्चीवर किंवा अंगणात, वारा पाठीकडून पुढे जाईल असे बसून करावे. खोलीतच करायचे तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात आणि पंखा हवा बाहेर ढकलेल असा खिडकीत ठेवावा. डोक्यावरचा पंखा तीच वाफ खोलीत फिरवत राहतो. मोठा डबा उघडा ठेवून त्यात ब्रश बुडवण्याऐवजी तासाभरापुरते सोल्यूशन झाकणाच्या छोट्या बाटलीत घ्यावे. चिकटवलेले तुकडे सुकायला बाहेर ठेवावेत. झोपण्याच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात हे काम कधीही नको. यातले बरेच द्रव पेट्रोलसारखे पेट घेतात आणि जमिनीलगत साचलेली वाफ शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत सरकत जाते. करोनाच्या वेळचा मास्क उरला आहे म्हणून तो लावून बसणारे काही जण भेटले. कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क वाफ मुळीच अडवत नाही. त्याला सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो आणि ती डबीही वेळोवेळी बदलावी लागते. कडा घासताना उडणाऱ्या धुळीसाठी मात्र एन-९५ मास्क उपयोगी आहे, आणि तो लावावाच. चामड्याच्या धुळीचा नाकाच्या आतील कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सोल्यूशनचे काम करूच नये.

आता त्वचेकडे वळू. बाजारातले बहुतेक मऊ, रंगीत चामडे क्रोमने कमावलेले असते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे कडक आणि तांबूस, आपल्या कोल्हापुरीचे असते तसे. क्रोमचा एक प्रकार त्वचेला फारसा त्रास देत नाही, पण काही परिस्थितीत त्याचे दुसऱ्या, तिखट प्रकारात रूपांतर होते. त्याची एकदा का अॅलर्जी बसली की ती जन्मभराची सोबतीण. बोटांच्या कडांना खाज, बारीक पाणीदार पुरळ, मग भेगा. सिमेंटचे काम करणाऱ्या गवंड्यांच्या हातांवर दिसते ते हेच. युरोपात २०१५ पासून या तिखट क्रोमची चामड्याच्या वस्तूंतली मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम एवढी ठेवली आहे. ज्यांना असे पुरळ उठते त्यांनी साल-हिरड्याचे चामडे वापरून पाहावे. बक्कल आणि चेन यांतल्या निकेलचीही अशीच अॅलर्जी असते. खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी हे ओळखून असावे.

पांढऱ्या डागांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण त्यापायी घरात रडारड होते, मुलींची लग्ने अडतात. काही सोल्यूशनमध्ये एक विशिष्ट राळ असते. ती त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारते. टिकलीच्या गोंदामुळे कपाळाच्या मधोमध पांढरा ठिपका पडलेल्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तोच हा पदार्थ. सोल्यूशन बोटांनी पसरवणाऱ्यांच्या बोटांच्या टोकांवर, मनगटावर असे डाग येऊ शकतात. सगळेच पांढरे डाग म्हणजे कोड नव्हे, कुष्ठ तर मुळीच नव्हे. लवकर संपर्क तोडला तर पुष्कळांचा रंग परत येतो. सोल्यूशन ब्रशने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने लावा. हात थिनरने किंवा पेट्रोलने धुऊ नका. गोडेतेल चोळून, कापडाने पुसून, मग साबणाने धुतले की चिकटा निघतो.

खऱ्या "भारी" कातड्याकडे येतो. "डॉक्टर, एक जण घोरपडीचं कातडं देतोय, वाळवलेलं, ते घरी कमावता येईल का?" असा प्रश्न मला एका होतकरू तरुणाने विचारला. त्याला दिलेले उत्तर सर्वांसाठी छापतो. घोरपड, अजगर, मगर हे आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचे कातडे बाळगणेसुद्धा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची. परदेशात पाळलेल्या शहामृगाचे चामडे कायदेशीर मार्गाने आयात होते ते वेगळे. त्याची पावती आणि कागद विक्रेत्याकडून मागून घ्यावेत. (जाता जाता : घोरपडीच्या तेलाने सांधे बरे होत नाहीत. आणि लक्ष्मी येते म्हणून "हाथाजोडी" नावाची जी मुळी विकतात ती मुळी नसून बहुधा घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ साली उघड झाले आहे. देव्हाऱ्यात काय ठेवायचे ते आपण ठरवा.)

कायदा बाजूला ठेवला तरी कच्चे कातडे घरात आणणे हे वैद्यकीयदृष्ट्याही वाईट. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. ते कातडे मोरीत धुतले, त्याच मोरीत भांडी घासली, की घरातल्या तान्ह्या मुलाला रक्ताची हगवण लागायला वेळ लागत नाही. गाय, शेळी, मेंढी यांच्या कच्च्या कातड्यातून काळपुळीचे जंतू येऊ शकतात. हे जंतू बीजरूपाने कातड्यात आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्कच्या एका ढोल बनवणाऱ्याला आफ्रिकेतून आणलेल्या शेळीच्या कातड्यापासून फुप्फुसाचा काळपुळी रोग झाला होता. त्वचेवर होणारी काळपुळी अशी ओळखावी : आधी डासाच्या चाव्यासारखी गाठ, मग पाण्याचा फोड, मग मधोमध कोळशासारखी काळी खपली आणि भोवती भरपूर सूज, पण वेदना जवळजवळ नाही. वेदना नाही म्हणून दुर्लक्ष होते. साध्या प्रतिजैविकांनी हा रोग वेळेत बरा होतो. रीतसर कमावलेल्या चामड्यात हे जंतू राहण्याची भीती नसते. म्हणून कमावण्याचा प्रयोग घरी करू नये. त्यातली आम्ले, फॉर्मॅलिन आणि क्रोमच्या भुकट्या स्वयंपाकघरात शोभणाऱ्या नव्हेत.

संस्थानी काळातल्या वाड्यांतून शिकारीची जुनी कातडी, पेंढा भरलेली मुंडकी अजून आढळतात. आजोबांच्या मगरीची पर्स करावी, असे एखाद्याच्या मनात येईलही. तेही नको. अशा वस्तूला वनखात्याचे मालकी प्रमाणपत्र लागते आणि ती विकता येत नाही. शिवाय जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, साबण आतून चोळत. ते विष शंभर वर्षांनीही तसेच असते. कात्री लावली की धुळीबरोबर उडते.

जखमांविषयी थोडक्यात. चामड्याच्या कडा रापीने सोलताना डावा हात रापीच्या पुढे ठेवायचा नाही, हा जुन्या कारागिरांचा पहिला धडा. बोथट रापी धारदार रापीपेक्षा जास्त कापते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती घसरते. कापले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, स्वच्छ फडके दहा मिनिटे न सोडता दाबून धरा, हळद किंवा चहापत्ती भरू नका. रक्त थांबल्यावर कापलेल्या बोटाचे प्रत्येक पेर स्वतंत्र वाकवून आणि सरळ करून पाहा. एखादे पेर हलत नसेल, किंवा जखमेच्या पुढची बाजू बधिर असेल, तर जखम वरून कितीही छोटी दिसो, शीर किंवा नस तुटलेली आहे आणि त्याच दिवशी सर्जनकडे जायला हवे. महिन्याने गेल्यास ते जोडणे फार अवघड होते. धनुर्वाताची लस पाच-दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्यावी. पूर्वी टीटी म्हणत, आता सरकारी दवाखान्यात घटसर्पाची मात्रा मिसळलेली टीडी मिळते.

मुलांच्या बाबतीत दोन सूचना. थिनर, स्पिरिट किंवा रंग पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलाने चुकून प्यायले तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. उलटीच्या वेळी तो द्रव फुप्फुसात उतरतो आणि खरा धोका तिथे आहे. तसेच उचलून इस्पितळात न्या. आणि घरात तेरा-चौदा वर्षांचे मूल असेल तर सोल्यूशनचा डबा कुलपात ठेवा. पिशवीत ओतून हुंगण्याचे व्यसन केवळ शहराच्या फुटपाथवर असते अशी समजूत करून घेऊ नका. त्यात पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो.

राहता राहिले ते आधीपासून हे काम करणारे. कामाच्या दिवशी संध्याकाळी डोके जड होणे, चक्कर, मळमळ, दारू प्यायल्यासारखे वाटणे आणि सुट्टीच्या दिवशी सगळे ठीक, ही पहिली खूण. फक्त रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर ते बहुधा आरी-सुई चालवून मनगटातली नस दाबली गेल्याचे लक्षण आहे. त्याचा उपचार वेगळा आणि सोपा. दोन्ही पायांना सारख्या मुंग्या, टाचांवर चालता न येणे, चप्पल निसटणे ही लक्षणे असतील तर काम त्याच दिवशी थांबवा. हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, वाढता फिकेपणा दिसला तर रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्या. ती तालुक्याच्या ठिकाणी होते. नसांच्या तपासणीसाठी मात्र मिरज, सांगली किंवा कोल्हापूरला जावे लागेल. आणि डॉक्टरांकडे जाताना सोल्यूशनचा आणि थिनरचा डबा, झाकण घट्ट लावून, बरोबर घेऊन जा.